पाहुणा गुलमोहर

गेल्या आषाढांतल्या एका रात्रीं आमच्या शाळेच्या फाटकाजवळचा गुलमोहर पडला. वारा म्हणण्यासारखा नव्हता. पाऊस मात्र तीन दिवस लागून राहिला होता. सकाळीं मुलें आलीं तों फाटकाचें एक दार वांकलेलें, कुंपणाची भिंत चार हात ढांसळलेली, आणि ज्याच्याखालीं इतकीं वर्षें सायकली उभ्या राहात तें झाड मुळें वर करून रस्त्यावर आडवें झालेलें त्यांस दिसलें. रात्रीची वेळ म्हणून कोणास इजा झाली नाहीं. तेंच झाड शाळा सुटण्याच्या सुमारास पडतें तर काय झालें असतें, हा विचार त्या दिवशीं प्रत्येक आईबापांच्या मनांत येऊन गेला असेल.

पुढल्या आठवड्यांत मुख्याध्यापकांकडे दोन अर्ज आले. एक नववीच्या विद्यार्थ्यांचा : त्याच जागीं पुन्हां गुलमोहरच लावावा. दुसरा कांहीं पालकांचा : शाळेच्या आवारांत गुलमोहराचें एकहि झाड ठेवूं नये, मैदानाच्या कडेस जीं दोन उरलीं आहेत तींहि तोडावीं. पहिल्या अर्जांत झाडाविषयीं प्रेम होतें, दुसऱ्यांत मुलांविषयीं काळजी होती. दोहोंपैकीं कशासहि नांवें ठेवण्याजोगें कांहीं नाहीं. उणीव होती ती एवढीच कीं, हें झाड मूळचें कोठचें, त्याचा स्वभाव काय, तें काय सोसतें आणि काय सोसत नाहीं, ह्याचा विचार दोन्ही अर्जांत नव्हता. तो येथें करूं म्हणतों.

गुलमोहर आपल्या इतका परिचयाचा झाला आहे कीं, तो ह्या भूमींतलाच असावा असें बहुतेकांस वाटतें. परंतु आपलें जुनें वाङ्मय चाळून पाहावें. त्यांत वड आहे, पिंपळ आहे, पळस आहे, अशोक आहे, कदंब आहे. संतांच्या ओव्या-अभंगांतून तुळस आणि चंदन तर पदोपदीं भेटतात. गुलमोहर मात्र कोठेंहि नाहीं. उन्हाळ्यांत साऱ्या गांवास आग लागल्याचा भास करणारें असें झाड आपल्या कवींच्या नजरेंतून सुटावें हें संभवनीय नाहीं. त्यांनीं तें पाहिलेंच नव्हतें, कारण हें झाड ह्या देशांत येऊन अद्यापि दोनशें वर्षें झालेलीं नाहींत.

त्याचें घर समुद्रापलीकडे आहे. आफ्रिका खंडाच्या पूर्वेस हिंदी महासागरांत मादागास्कर नांवाचें बेट आहे. बेट म्हटलें म्हणून तें लहान समजूं नये. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट त्याचा विस्तार आहे. लक्षावधि वर्षें इतर भूमीपासून तुटून राहिल्यामुळें तेथें जीं झाडें व जे प्राणी निपजले त्यांपैकीं पुष्कळ जगांत दुसरीकडे कोठेंहि आढळत नाहींत. बोहेमिया देशांत जन्मलेला वेन्सेस्लास बोयर नांवाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ मॉरिशस येथें राहून ह्या बेटाच्या वनस्पतींचा अभ्यास करीत असे. १८२० नंतरच्या दशकांत बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फुलप्वांत नांवाच्या गांवीं त्यास हें झाड दिसलें. त्यानें तें मॉरिशस येथें आणिलें, आणि १८२९ साली हूकर ह्या प्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञानें संपादन केलेल्या वनस्पतिविषयक मासिकांत त्याचें रंगीत चित्र व वर्णन छापून आलें. तेव्हां त्यास ‘पॉइन्सियाना रेजिया’ असें नांव देण्यांत आलें. त्यांतील पहिला शब्द सतराव्या शतकांत वेस्ट इंडीज बेटांतील फ्रेंच वसाहतींचा गव्हर्नर असलेल्या प्वांसी नामक गृहस्थाच्या स्मरणार्थ योजलेला. दुसऱ्याचा अर्थ ‘राजस’. पुढें शास्त्रज्ञांनीं पहिला शब्द बदलून ‘डेलोनिक्स’ असा केला. हा शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ ‘स्पष्ट दिसणारें नख’ असा आहे. फुलाची पाकळी हातीं घेऊन पाहा : रुंद पात्याखालीं निमुळता होत गेलेला लांब दांडा दिसेल. तेंच तें नख.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोयरनें पाहिलेलें झाड वस्तीजवळ लावलेलें होतें. तें रानांत आपोआप कोठें वाढतें हें कोणास ठाऊक नव्हतें. पुढें शंभर वर्षांत गुलमोहर मॉरिशसहून निघून उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक देशांत जाऊन पोहोंचला, रस्तोरस्तीं व बागोबागीं फुलला, तरी त्याचें खरें जंगली घर अज्ञातच राहिलें. अखेर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मादागास्करच्या पश्चिम भागांत, चुनखडीच्या सुळक्यांनीं भरलेल्या ओसाड प्रदेशांत, रानटी गुलमोहर सांपडला. तेथल्या लोकांच्या भाषेंत त्या सुळक्यांना ‘त्सिंगी’ म्हणतात. अनवाणी पायानें जेथें चालणें अशक्य अशा त्या धारदार खडकांच्या भेगांत जी थोडीशी माती सांचते, तींत हें झाड वाढतें. ह्या प्रदेशांत पाऊस वर्षांतून चार-पांच महिनेच पडतो. उरलेला काळ जवळजवळ कोरडा जातो.

हें घर लक्षांत ठेवावें, कारण गुलमोहराच्या स्वभावांतील प्रत्येक गोष्टीचा उगम तेथें आहे असें मला वाटतें.

प्रथम पान घेऊं. ज्यास आपण गुलमोहराचें लहानसें पान म्हणतों तें वस्तुतः पान नव्हे, ती पर्णिका. हात-दीड हात लांबीचा संबंध पिसारा मिळून एक पान होतें. मीं एका पानाच्या पर्णिका मोजून पाहिल्या. मधल्या दांड्यास उपदांड्यांच्या १५ जोड्या होत्या, आणि प्रत्येक उपदांड्यावर सुमारें २५ जोड्या पर्णिका होत्या. तीस गुणिले पन्नास, म्हणजे एका पानांत १५०० पर्णिका झाल्या! विद्यार्थ्यांनीं स्वतः एखादें पान मोजावें. संख्या पानागणिक बदलेल, परंतु गणिताचा तास वायां जाणार नाहीं. अशा बारीक पर्णिकांमधून वारा सहज निघून जातो, आणि भर उन्हांतहि पर्णिका लवकर तापत नाहीं. सायंकाळ झाली म्हणजे पर्णिका जोडीजोडीनें मिटतात व सकाळीं पुन्हां उघडतात. चिंच आणि शिरीष ह्या झाडांतहि हा प्रकार दिसतो. पर्णिकेच्या देंठाशीं एक बारीक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतील पाणी कमी झालें व दुसऱ्या बाजूस वाढलें कीं पर्णिका बिजागरीवरच्या दाराप्रमाणें फिरते. लोक ‘झाड झोंपलें’ म्हणतात. म्हणेनात बापडे, शब्द गोड आहे.

हिंवाळा सरतां सरतां गुलमोहर पानें टाकूं लागतो. ह्या वेळीं त्याच्याखालीं उभें राहून पाहावें. आधीं पर्णिका पिवळ्या होऊन भुरभुर पडतात, नंतर रिकामे दांडे एकेक करून खालीं येतात. शिपायास दिवसांतून दोनदां झाडावें लागतें, आणि तो झाडावर रागावतो. परंतु झाडाच्या दृष्टीनें ही काटकसर आहे. पानांवाटे झाडांतलें पाणी वाफ होऊन हवेंत जात असतें. जमिनींत ओल आहे तोंपर्यंत ही गळती परवडते. ओल आटली कीं परवडत नाहीं. तेव्हां झाड पानांतील उपयुक्त द्रव्यें मागें खेंचून खोडांत व फांद्यांत सांठवितें, देंठाच्या बुडाशीं सैल पेशींचा एक थर तयार करितें, आणि त्या थरावर पान तुटून पडतें. जखमेवर आधींच खपली धरलेली असते. म्हणून पान गळलेल्या जागेंतून रस वाहात नाहीं. देशावर मार्च महिन्यांत गुलमोहर अगदीं उघडा होतो. कोंकणांत दमट हवेंत किंवा जेथें बागेचें पाणी मिळतें तेथें तो पुष्कळदां अर्धवटच पानें टाकतो. गरज नसेल तर काटकसर कशास?

आपल्या मुलांनीं हें झाड बहुधा वार्षिक परीक्षेच्या दिवसांत उघडें पाहिलेलें असतें. काळ्या लांबट शेंगा लोंबत आहेत, फांद्या वाळक्या दिसत आहेत, झाड मेलें कीं काय असें वाटतें आहे. आणि सुटी लागून आठ-पंधरा दिवस होतात न होतात तों त्याच फांद्यांच्या टोंकांस हिरव्या कळ्यांचे घोंस येतात व पाहतां पाहतां सारें झाड तांबडें होऊन जातें. हीं फुलें कशाच्या बळावर आलीं? पाऊस नाहीं, पानें नाहींत, जमीन भेगाळलेली. तीं आलीं तीं खोडांतल्या शिलकेवर. पानें गळण्यापूर्वीं जो संचय केला तो ह्या वेळीं खर्च होतो.

झाडानें उन्हाळ्यांतच कां फुलावें, ह्याचें उत्तर त्याच्या जन्मभूमीकडे पाहिलें म्हणजे मिळतें. मादागास्कर बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथला उन्हाळा आपल्या हिंवाळ्यांत येतो. तेथें आणि शेजारच्या मॉरिशस व रेयुनियों बेटांत गुलमोहर नाताळच्या सुमारास फुलतो; त्या बेटांतल्या मुलांना नाताळ आणि हीं तांबडीं फुलें एकाच आठवणींत सांपडतात. तेंच झाड विषुववृत्त ओलांडून इकडे आलें आणि त्यानें आपलें पंचांग बदललें. डिसेंबर सोडून तें वैशाखांत फुलूं लागलें. तारीख त्यास ठाऊक नाहीं. ऊन चढलें आहे, दिवस मोठा झाला आहे आणि पाऊस जवळ आहे, ही ऋतूची चाल तें ओळखतें. दोन्हीं गोलार्धांत नियम एकच : पावसाच्या उंबरठ्यावर फुलावें. पानांचा आडोसा नसल्यामुळें पांखरांना व कीटकांना फुलें दुरून दिसतात. आणि पाऊस आला कीं नवीं पानें फुटून वाढणाऱ्या शेंगांना पोसतात.

व्हिएतनाम देशांत हें झाड फ्रेंच लोकांनीं नेलें. तेथेंहि तें मे-जून महिन्यांत, शाळेचें वर्ष संपण्याच्या वेळीं फुलतें, म्हणून तेथील लोक गुलमोहरास विद्यार्थ्यांचें फूल म्हणतात. शेवटच्या दिवशीं मित्रांचा निरोप घेतांना मुलें त्याच्या पाकळ्या वहीच्या पानांत जपून ठेवतात. हायफाँग शहर तर ह्या झाडांसाठीं प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सातारा शहरांत १९९९ पासून १ मे हा दिवस ‘गुलमोहर दिन’ म्हणून साजरा होत आला आहे. दोनशें वर्षांच्या आंतल्या पाहुण्यास इतका मान फार थोड्या ठिकाणीं मिळाला असेल.

आतां एक फूल हातीं घ्या. बाहेरच्या बाजूस पांच जाड निदलें आहेत. तीं बाहेरून हिरवीं, आंतून तांबडीं आणि कडेस पिवळसर. हीं निदलें बोटांच्या नखांवर चिकटवून राक्षस होण्याचा खेळ ज्यानें खेळला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत तरी नसेल. आंत पांच पाकळ्या. त्यांपैकीं चार सारख्या, तांबड्या, कडा चुरगळल्यासारख्या. पांचवी मात्र उभी, किंचित् मोठी, आणि तिच्यावर पांढरा-पिवळा रंग शिंपडून तांबडे ठिपके दिलेले. लहान मुलें हीच पाकळी शोधून काढतात व आंबट लागते म्हणून चघळतात. ही वेगळी पाकळी शोभेसाठीं नाहीं. तिचा दांडा कडेनें वळून त्याची एक बारीक पन्हळ झालेली असते, आणि त्या पन्हळीच्या तळाशीं मध असतो. ठिपक्यांची पाकळी म्हणजे त्या मधाकडे जाण्याची पाटी होय. सूर्यपक्षी, फुलपांखरें व मधमाश्या पाटी वाचून येतात. मधाकडे वळणाऱ्या पाहुण्याच्या अंगास पुढें आलेल्या दहा पुंकेसरांचा पराग लागतो, आणि तो पराग दुसऱ्या फुलाकडे जातो. त्याच पुंकेसरांचीं डोकीं एकमेकांत अडकवून मुलें कोंबड्यांची झुंज लावतात. ज्याचें डोकें तुटेल तो हरला. निसर्गानें एक योजिलें, मुलांनीं दुसरें. दोघांचेंहि काम त्या एका केसरानें भागतें.

फुलानंतर शेंग. आधीं ती हिरवी व लवचीक असते, पुढें लांकडासारखी कठीण व काळपट होते. तिची लांबी एक-दोन फूट आणि रुंदी सुमारें दोन इंच. लढाईच्या खेळांत तिची तलवार होते, आणि गरिबाच्या चुलींत ती सरपण होते. वाळलेली शेंग हलविली तर आंत बिया खुळखुळतात. ती उघडली म्हणजे आडवे कप्पे दिसतात, आणि प्रत्येक कप्प्यांत एक लांबट, चकचकीत, दगडासारखी बी. ही बी तशीच कुंडींत पुरली तर महिने महिने, कधीं वर्षेंहि, तशीच पडून राहते. त्याचें कारण तिचें कवच; त्यांतून पाणी आंत शिरत नाहीं. कोरड्या देशांत अवेळीं पडलेल्या एखाद्या सरीला भुलून जी बी रुजते तें रोप पुढच्या उन्हांत मरतें; जी बी दम धरते ती वांचते. आम्हांस मात्र इतका दम नव्हता. विज्ञानाच्या तासास मुलांनीं कांहीं बियांचें एक टोंक खरबरीत दगडावर पांढरट दिसेपर्यंत घांसलें, कांहीं तशाच ठेवल्या, आणि दोन्ही वाट्या रात्रभर कोमट पाण्यांत भिजत ठेवल्या. सकाळीं घांसलेल्या बिया फुगून दुपटीनें मोठ्या झाल्या होत्या. न घांसलेल्या बिया जशाच्या तशा, गारगोट्यांप्रमाणें वाटीच्या तळाशीं बसलेल्या. बीचें कवच काय करितें हें फळ्यावर सांगून जें अर्ध्या मुलांस कळलें नव्हतें, तें त्या दोन वाट्यांनीं सर्वांस सांगितलें.

नांवांचा घोंटाळा येथेंच आटोपून टाकूं. ‘गुल’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ फूल. ‘मोहर’ म्हणजे कोणी झाडाचा मोहोर म्हणतात, कोणी सोन्याचें नाणें म्हणतात, आणि गुलमोर असा उच्चार करणारे लोक मोराकडे बोट दाखवितात. बागेंत जो बुटका, कांटेरी, शेंदरी-पिवळ्या फुलांचा शंकासूर असतो तो गुलमोहराचा आप्त खरा, पण निराळा. पिवळा गुलमोहर म्हणतात तो सोनमोहर. तो आग्नेय आशियाकडचा. निळा गुलमोहर म्हणतात तो जॅकरांडा. तो दक्षिण अमेरिकेंतला, आणि त्याचा ह्या कुळाशीं कांहींच संबंध नाहीं. खरे डेलोनिक्स दहा-अकरा जातींचे आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक मादागास्करमध्येंच आढळतात. झाडांच्या ह्या ओळखीची आवड ज्यांस असेल त्यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर ब्लॅटर व मिलर्ड ह्या दोघांचें ‘सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज’ हें १९३७ चें पुस्तक मिळवून चाळावें. फादर ब्लॅटर १९३४ सालीं वारले. पुस्तक त्यांच्या पश्चात् निघालें.

आतां पालकांच्या अर्जाकडे वळूं.

गुलमोहर झपाट्यानें वाढतो. चांगली माती व पाणी मिळाल्यास रोप वर्षांत पुरुषभर उंच होतें, आणि पांच-दहा वर्षांत फुलांवर येतें. शोभेची झाडें लावणारे लोक ह्याच गुणास भुलले. परंतु जें लांकूड घाईनें वाढतें तें घट्ट होत नाहीं. गुलमोहराचें लांकूड हलकें, ठिसूळ आहे. वाळवी व बुरशी त्यांत सहज शिरतात. त्याचा विस्तार छत्रीसारखा आडवा असतो, म्हणजे लांब फांद्यांचें सारें ओझें टोंकांकडे. आणि मुळें? तीं खोल जात नाहींत. जमिनीच्या वरच्या थरांत चहूंकडे पसरतात. खडकाच्या भेगांत वाढलेल्या कुळास खोल जाण्याची संवय कोठून असणार, असा माझा आपला तर्क आहे. मोकळ्या मैदानांत हीं पसरलेलीं मुळें झाडास नीट धरून ठेवतात. पण त्यांना पसरावयास जागा हवी.

आमचें झाड पडल्यावर मीं तें जवळून पाहिलें. मुळांबरोबर जो मातीचा थर उचलला गेला होता तो गुडघ्याएवढाहि जाड नव्हता. एका बाजूचीं जाड मुळें आधींच कापलेलीं होतीं; कांहीं वर्षांपूर्वीं गटार खणलें तेव्हां तीं तोडलीं गेलीं असणार. दुसऱ्या बाजूस खोडाच्या अगदीं बुंध्यापर्यंत सिमेंट घातलेलें होतें, म्हणजे तिकडे पाणी आणि हवा बंद. विजेच्या तारांसाठीं रस्त्याकडच्या फांद्या दरसाल छाटल्या जात. त्यामुळें सारें वजन शाळेकडे कललें होतें. आणि अशाच एका ओबडधोबड छाटलेल्या खुंटांतून बुरशी आंत शिरून खोड पोखरलें गेलें होतें. हात घातला तर कोपरापर्यंत जाई. चार ठिकाणीं मारलेलें झाड पावसानें नुसतें लोटलें. ठिसूळपणा हा झाडाचा दोष आहे, तो मी लपवीत नाहीं. परंतु बाकीचे तीन दोष आपले होत. पालकांनीं अर्जांत झाडावर ठेवलेला दोष अगदींच खोटा नाहीं, अपुरा आहे.

दुसरा एक दोष कोणीहि अर्जांत लिहिला नाहीं, आणि माझ्या मतें तोच फाटकाजवळच्या जागेपुरता मोठा. ह्यास आपण सावलीचें झाड म्हणतों. पण सावली हवी असते मार्च-एप्रिलांत, आणि त्याच वेळीं ह्याच्या अंगावर पान नसतें! जूनपासून पुढें त्याची सावली दाट होते, तेव्हां तर आपल्याला छत्री लागते. जुन्या काळच्या लोकांनीं रस्त्याच्या कडेस वड, चिंच, निंब, आंबा लावला, तो कांहीं अडाणीपणानें नव्हे. करंज पाहा : त्याचीं पानें थोड्याच दिवसांसाठीं गळतात, आणि एप्रिलाच्या उन्हांत तो कोवळ्या, लकाकत्या पालवीनें गच्च भरलेला असतो. शिवाय गुलमोहराच्या पसरट मुळांमुळें त्याच्याखालीं दुसरीं रोपें नीट जगत नाहींत. फाटकाजवळ आपण लावलेली मेंदी तीनदां मेली, तें माळ्याच्या हयगयीमुळें नव्हे.

मग पालकांचा अर्ज मान्य करून उरलेलीं दोन्ही झाडें तोडावीं काय? तीं दोन्हीं मैदानाच्या पश्चिम कडेस, मोकळ्या मातींत आहेत. जवळ भिंत नाहीं, गटार नाहीं, तार नाहीं. मीं व माळ्यानें खोडांवर लांकडी हातोडीनें ठोकून पाहिलें; आवाज भरीव येतो. एका फांदीस चीर गेली आहे, ती पावसापूर्वीं बुंध्याशीं साफ कापून घ्यावी लागेल. पावसाळ्यांत त्यांच्याखालीं बसूं नये, अशी पाटी लावावी लागेल, आणि दरसाल मे महिन्यांत जाणत्या माणसाकडून तीं तपासून घ्यावीं लागतील. इतकें केल्यास तीं तोडण्याचें कारण मला दिसत नाहीं. मादागास्करमध्यें शेतीसाठीं व कोळशासाठीं जंगलें तुटून रानटी गुलमोहराचीं ठिकाणें कमी झालीं आहेत. तेव्हां जेथें झाड निर्धोक उभें आहे तेथें तरी कुऱ्हाड उचलण्याची घाई नको.

हें सर्व मुख्याध्यापकांसमोर ठेविलें. शाळासमितीच्या सभेंत पुष्कळ बोलणें झालें; कांहीं पालकांचें समाधान झालें, कांहींचें झालें नाहीं. ठरलें तें असें : फाटकाजवळ करंज लावावा, आणि त्याच्या भोंवतीं सहा फूट जागा सिमेंटाविना मोकळी सोडावी. जुन्या दोन झाडांस हात लावूं नये. नवा गुलमोहर लावावयाचाच असेल तर तो मैदानाच्या पश्चिमेस, इमारतीपासून व रस्त्यापासून किमान चाळीस फूट अंतरावर लावावा.

नववीच्या मुलांनीं अंतर दोरीनें मोजून तीन खुंट्या ठोकल्या आहेत. त्या घांसलेल्या बियांचीं रोपें प्रयोगशाळेच्या मागें पत्र्याच्या डब्यांत आहेत. आज तीं वीतभराहून थोडीं उंच आहेत, आणि सायंकाळीं मोठ्या झाडांप्रमाणेंच पर्णिका मिटतात. पाऊस सुरू झाला म्हणजे तीं खुंट्यांच्या जागीं लावावयाचीं. तुम्ही शाळा सोडून जाल तोंवर ह्यांना फुलें येणार नाहींत, हें मीं मुलांना स्पष्ट सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें, आणि सुटींत पाणी घालण्याच्या पाळ्यांची यादी लिहून दारावर लावली.